जगज्जेत्या गोल्फरला नवखा कोच काय शिकवणार?



मागच्या महिन्यात एका बॅचला इलेक्ट्रिकलचं दुकान असलेले एक काका आले होते. दुकान 31 वर्षांचं. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, "तू दुकान टाकून किती वर्षं झाली रे?" मी म्हटलं, नऊ. "मग तू मला काय शिकवणार?" रागात नव्हते हो, खरंच विचारत होते. फी भरली होती ना त्यांनी.

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आजचा लेख थोडा वेगळा आहे, थेट गोल्फच्या मैदानावर जाऊ. मी आयुष्यात गोल्फची काठी धरलेली नाही, तुमच्यापैकीही फार थोड्यांनी धरली असेल. पण या खेळात एक सोय आहे. शिष्याचा स्कोअर रोज कागदावर येतो, त्यामुळे कोचला फार काळ लपता येत नाही.

निक फाल्डो हे नाव ऐकलंय? इंग्लंडचा. 1983 मध्ये त्याने युरोपात पाच स्पर्धा जिंकल्या आणि कमाईच्या यादीत पहिला आला. म्हणजे धंदा जोरात. तरी त्याला वाटत होतं की प्रेशर आलं की आपला स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याची पद्धत, दगा देते. 1984 च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी तसंच झालं. मग तो डेव्हिड लेडबेटरकडे गेला.

लेडबेटर तेव्हा तिशीच्या सुरुवातीला होता. खेळाडू म्हणून त्याला फारसं यश मिळालं नव्हतं. झिम्बाब्वेत वाढलेला, तिथल्याच निक प्राइस वगैरे मित्रांना शिकवणारा, जगभर नाव व्हायचं बाकी असलेला कोच. फाल्डोने त्याला सांगितलं की थोडं इकडे थोडं तिकडे नको, सगळंच नव्याने बांधू. पुढची दोन वर्षं फाल्डो जवळपास दिसेनासा झाला. 1985 आणि 1986 मध्ये एकही विजय नाही. लोक म्हणाले, चांगल्या चाललेल्या खेळाची याने वाट लावली.

मे 1987 मध्ये स्पॅनिश ओपन जिंकली. जुलैमध्ये स्कॉटलंडच्या म्यूरफिल्डला ब्रिटिश ओपन होती. शेवटच्या दिवशी फाल्डोने 18 च्या 18 होल पारमध्ये काढले, ना एक कमी ना एक जास्त, आणि एका फटक्याने जिंकला. आदल्या दिवशीच त्याला 30 वर्षं पूर्ण झाली होती. पुढे त्याच्या नावावर एकूण सहा मेजर झाल्या आणि लेडबेटर जगातला सगळ्यात मागणी असलेला कोच झाला.

इथे बरेच ट्रेनर थांबतात आणि म्हणतात, बघा, नव्यावर विश्वास ठेवा! मी नाही म्हणणार, कारण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे.

इयान बेकर-फिंच, ऑस्ट्रेलियाचा. 1991 ची ब्रिटिश ओपन जिंकली. मग त्याला वाटलं, आपला चेंडू आणखी लांब जायला हवा. स्विंग बदलायला घेतला, याचा सल्ला, त्याचा सल्ला. 1995 ला सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या होलवर, जिथलं मैदान गोल्फमधल्या सगळ्यात रुंद मैदानांपैकी एक आहे, तिथे त्याचा पहिलाच चेंडू डावीकडे हद्दीबाहेर गेला. 1997 मध्ये ट्रूनला पहिल्या फेरीत 92 फटके लागले. त्याने स्पर्धा सोडली आणि खेळणं जवळजवळ थांबवलं. चालू दुकानाचं रिनोव्हेशन काढलं आणि गिऱ्हाईक परत आलंच नाही, असे दुकानदार आपण सगळ्यांनी पाहिलेत.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते 'अनुभव' हा एक शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. खेळण्याचा अनुभव, शिकवण्याचा अनुभव आणि विषयाचं ज्ञान. आपले आचरेकर सर प्रथम श्रेणीचा फक्त एक सामना खेळले होते, पण शिवाजी पार्कवर त्यांनी किती पोरं पाहिली असतील! खेळण्याचा अनुभव कमी, शिकवण्याचा डोंगराएवढा. तेव्हा पहिली गोष्ट नसली तरी चालते, हे मला मान्य आहे.

तिसऱ्या गोष्टीत तर नवे कोच कधी कधी जुन्यांच्या पुढे असतात. अनेक वर्षं बऱ्याच ठिकाणी असं शिकवलं जायचं की काठी ज्या दिशेने फिरते त्या दिशेने चेंडू निघतो. काठी आणि चेंडूची भेट जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची, डोळ्याला दिसणार काय? 2003 मध्ये सुरू झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीची रडार मशीन आल्यावर कळलं की चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः काठीचं तोंड कुठे बघतंय त्यावर ठरतं. ड्रायव्हरच्या फटक्यात साधारण 85 टक्के वाटा तोंडाचा. म्हणजे 30 वर्षांचा अनुभव असलेला माणूस 30 वर्षं तीच चूक शिकवत असू शकतो! मशीनवरच शिकून आलेल्या पोराला हे पहिल्या वर्षीच माहीत असतं. टायगर वूड्सने 2014 मध्ये ख्रिस कोमोला घेतलं, तेव्हा कोमो बायोमेकॅनिक्सचा अभ्यास करत होता. त्याआधीचे टायगरचे कोच, बुच हार्मन आणि हँक हेनी, यांच्या काळात मिळून 14 मेजर आल्या होत्या. तरी टायगर अभ्यास करणाऱ्याकडे गेला. (निकाल विचाराल तर पाठीच्या ऑपरेशनांमुळे हिशोब लागत नाही. 2017 च्या शेवटी दोघे वेगळे झाले आणि 2019 ची मास्टर्स टायगरने कोचशिवाय जिंकली.)

पण दुसरी गोष्ट, शिकवण्याचा अनुभव, नसला की खरा धोका सुरू होतो. जिम फ्युरिकचा स्विंग यूट्यूबवर बघा. काठी वर जाताना एकीकडे, खाली येताना गोल वळसा घेऊन भलतीकडेच. पुस्तकी कोच पहिल्याच दिवशी म्हणेल, हे सरळ करू. फ्युरिकला आयुष्यभर एकच कोच, त्याचे वडील. त्यांनी तो वळसा काढला नाही. पोराने 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये एका फेरीत 58 फटके, पीजीए टूरच्या इतिहासातला सगळ्यात कमी स्कोअर. मोठ्या खेळाडूच्या खेळात एक विचित्रपणा दुसऱ्या विचित्रपणाला सांभाळून घेत असतो. कुठला हलवायचा नाही, हे शंभर माणसं पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि हे मी स्वतः करून बसलोय. ट्रेनिंग सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एका किराणावाल्याला उधारी पूर्ण बंद करायला लावली. आकड्यांत बरोबर होतं. पण त्या गल्लीत उधारीची वही हाच त्यांचा वळसा होता, महिन्याच्या पगारावरची गिऱ्हाइकं त्या वहीमुळे येत होती. दोन महिन्यांत ती समोरच्या दुकानात गेली. त्यांनी मला एक शब्द वाईट बोलले नाहीत, पण नंतर फोनही केला नाही.

म्हणून तुम्ही एखादा तरुण सीए, डिजिटलवाला किंवा माझ्यासारखा ट्रेनर घेणार असाल, तर त्याचं वय विचारू नका. त्याला विचारा, माझ्या दुकानातली कुठली गोष्ट तू बदलणार नाहीस, आणि का? उत्तर नसेल तर थांबा. फरक कसा मोजणार ते विचारा. आणि फाल्डोसारखी दोन वर्षं तोटा सोसायची तुमची तयारी आहे का, हे मात्र स्वतःला विचारा. घरचा हप्ता चालू असेल तर नसावीच.

काकांना मी गेल्या आठवड्यात फोन करून हे सगळं सांगितलं. किराणावाल्याचं पण. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पूर्ण दुकान देत नाही तुला. पंख्यांचा रॅक घे. दिवाळीपर्यंत. गिऱ्हाइकाशी मीच बोलणार."

सोमवारी स्टॉक मोजायला जातोय.