रिकाम्या झालेल्या खुर्च्या

विद्यापीठाच्या जाहीर व्याख्यानांचा आमच्याकडे एक ठरावीक श्रोतृवर्ग आहे. पेन्शनर मंडळी पहिल्या रांगेत, प्राध्यापक दुसऱ्या रांगेत, आणि हजेरी लागते म्हणून आलेली कॉलेजची मुले दाराजवळ. ‘राजकारणातील स्त्रियांचे नेतृत्व’ हा विषय जाहीर झाला तेव्हा मात्र निम्मे सभागृह बायकांनी भरले. आता जिजाबाई, अहिल्याबाई, झाशीची राणी अशी ओळीने आरती होणार, या तयारीने मी विणकाम बरोबर नेले होते. पण वक्त्या बाईंनी, त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका, सुरुवात केली ती गोरेगावच्या नळापासून!

मृणालताई गोरे वैद्यकीचे शिक्षण सोडून चळवळीत आल्या. १९५८ साली त्यांचे पती केशव गोरे वारले. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या आणि उपनगरांतल्या पाण्याचा त्यांनी असा काही पिच्छा पुरवला की, लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणूनच ओळखू लागले. १९७२ साली महागाईविरुद्ध बायकांची समिती उभी राहिली. तीत मृणालताई समाजवादी, तर अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट. पक्ष वेगळे, पण तेल-साखरेचा भाव दोघींनाही एकच! बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि १९७७ साली मृणालताई लोकसभेत जाऊन बसल्या. बायकांना राजकारण कळत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी रेशनच्या रांगेत एक सकाळ काढावी, असे मला तेव्हाच वाटून गेले.

बाईंचा खरा मुद्दा पुढेच होता. ज्या घराने स्त्रीला हे शहाणपण दिले, तेच घर तिचा वेळ काढून घेते. पुणे जिल्ह्यातल्या निंबूत गावात १९६३ सालीच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली होती. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला शेतकरी संघटनेच्या चळवळीतून १९८९ साली तशीच पंचायत आली. अशा पंचायतींवर बिशाखा दत्ता यांनी १९९८ साली एक इंग्रजी पुस्तक संपादित केले. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर, ‘आणि पोळ्या कोण करणार?’ सभागृहात हशा पिकला. बायकांच्या बाजूने मात्र जरा कमीच.

कायद्याने आपल्याकडून पुष्कळ दिले. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. त्याबरोबर ‘सरपंचपती’ नावाचा, घटनेत कुठेही नसलेला पदाधिकारी जन्माला आला. खुर्चीवर तो, सहीपुरती ती. आपण शहरातली माणसे या प्रकाराला फार चवीने हसतो. बाईंना ते हसणे पसंत नव्हते, आणि मलाही ते पटले. आधी नुसती सही करणारी बाई हळूहळू ‘कागद कसला आहे?’ एवढे विचारू लागते. पण तोवर पाच वर्षे संपतात, आरक्षण फिरत्या पद्धतीने दुसरीकडे जाते, आणि खुल्या जागेवर तिला तिकीट द्यायला कुणी पुढे येत नाही. शिकलेली बाई घरी, नवी शिकाऊ खुर्चीवर! पुरुषांचे राजकारण असे दर पाच वर्षांनी पहिलीच्या वर्गात बसवले असते, तर त्यांचेही किती पुढारी तयार झाले असते?

वरच्या पायरीवर काय होते, ते आकड्यांतच आहे. २०२४ साली लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. २०१९ साली ७८ होत्या. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देऊ केल्या, पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर, अशी अट घालून.

साडेसात वाजले आणि प्रश्नोत्तरे सुरू झाली. तोवर बायकांच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या. कुणाला कुकर लावायचा होता, कुणाची मुले शिकवणीहून येणार होती, कुणाच्या सासऱ्यांची औषधाची वेळ. पुरुषांपैकी कुणी हलले नाही. एका सद्गृहस्थांनी विचारले, “बायकांना खरोखरच राजकारणात रस आहे का हो? आता बघा ना, चर्चेच्या वेळीच निघून गेल्या!”

बाई काही बोलणार एवढ्यात दाराजवळची एक मुलगी उठली. “आजोबा, तुमच्या घरी आत्ता स्वयंपाक कोण करतंय?”

गृहस्थ हसले. “आमची सूनबाई. तिलाही यायचं होतं खरं म्हणजे.”

अध्यक्षांनी घाईघाईने पुढचा प्रश्न घेतला. बाईंनी मात्र तो बाजूला ठेवला आणि ग्रामसभेपूर्वी गावातल्या महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात कशी आहे, ते समजावून सांगितले. मग चिटणीसांकडे वळून त्या म्हणाल्या, “पुढचं व्याख्यान दुपारी तीनला ठेवता येईल का?”

चिटणीसांनी वही काढली. दुपारी तीनला सभागृह मिळते, पण श्रोते कचेरीत असतात, अशी त्यांची अडचण होती. कोणते श्रोते, ते त्यांनी सांगितले नाही.