बिघडलेल्या आवाजाचे मोजमाप

आवाज किती बिघडला आहे, हे वाक्‌-चिकित्सक आधी कानाने ठरवतात. एकूण बिघाड, खरखर, श्वासमिश्रितपणा, क्षीणता आणि ताण यांना 0 ते 3 गुण देण्याची जपानी पद्धत त्यासाठी रूढ आहे. पण दोघांचे गुण जुळतातच असे नाही. म्हणून संगणकाची जोड घेतात. रुग्णाला काही सेकंद ‘आ’ लांबवायला लावतात. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा कंप पावतात, स्त्रीचे 200च्या आसपास. लागोपाठच्या कंपनांच्या कालावधीतला फरक म्हणजे जिटर, तीव्रतेतला फरक म्हणजे शिमर. गंमत अशी, की आवाज फारच फाटला असेल तर एक कंपन कुठे संपते हेच यंत्राला उमगत नाही आणि दोन्ही आकडे कुचकामी ठरतात. तिथे सेप्स्ट्रम, म्हणजे आवाजाच्या वर्णपटाचाच पुन्हा काढलेला वर्णपट, उपयोगी पडतो: त्यातले शिखर जितके ठळक, तितका आवाज नियमित. हे माप सलग बोलण्यालाही लावता येते. मात्र ‘भ’, ‘घ’, ‘म्ह’ हे उच्चार मराठीत निरोगी माणसाचेही श्वासमिश्रितच असतात. इंग्रजी वाक्यांवरून ठरवलेली मर्यादा त्यांना जशीच्या तशी लावणे चूक आहे.