मचूळ पाणी आणि आर. ओ.चे यंत्र

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे गावी गेले की विजेच्या बिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सारे काही माझ्यापुढे येते. एका सुट्टीत आजीने विचारले, "व्हय गं, त्या मशिनीनं पानी खरंच गोडं हुतंय?" उत्तर मला येत नव्हते. ते शोधताना जे कळले ते येथे मांडते. मी कलाशाखेची विद्यार्थिनी आहे, शास्त्र शाखेच्या वाचकांनी चूकभूल पोटात घालावी.

आमचे गाव शिरोळ तालुक्यात. कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांचा हा मुलूख. येथे पाण्याला काय तोटा, असे परक्याला वाटेल. पण उसाला वर्षानुवर्षे भरमसाट पाणी पाजून या तालुक्यातील कितीतरी काळी राने क्षारपड झाली आहेत. आमच्या बोअरचे पाणी मचूळ आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याचे पाणी आई आणि मी गोड्या विहिरीवरून आणत असू. दहावीच्या पेपरादिवशीही मी दोन खेपा करून मगच एस. टी. गाठली होती.

शिक्षणासाठी मी कोल्हापुरात मामांकडे राहते. तेथे एके दिवशी आर. ओ.चे यंत्र विकणारा एक गृहस्थ आला. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आर. ओ.चे. दोन्हीत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडली. नळाच्या पाण्यात बघता बघता तांबूस काळा गाळ उठला, दुसरे पाणी स्वच्छ राहिले. मामी घाबरल्या, मामांनी हप्त्यावर यंत्र घेऊन टाकले.

सायन्सला असलेल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितले तर ती हसत सुटली. पाण्यात थोडेफार क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंडाची कांडीच झिजून तिचा गंज पाण्यात उतरतो. तो गाळ पाण्यातला नव्हे, कांडीतला! यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकले असते तर तेही तसेच काळवंडले असते.

मग आर. ओ. म्हणजे काय? बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, कारण पातळ बाजूचे पाणी सालीतून दाट बाजूकडे जाते. याला परासरण म्हणतात. दाट बाजूने भरपूर दाब दिला तर पाणी उलट दिशेने निघते आणि क्षार मागे राहतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी अमेरिकेत यासाठी कामाचा ठरेल असा पडदा बनवला. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोआलिंगा या गावाला त्या रीतीने पिण्याचे पाणी मिळू लागले. तेथील पाणीही मचूळच होते, हे वाचून मला फार बरे वाटले.

तेव्हा या यंत्राचे खरे काम क्षार काढण्याचे. ते हवे की नको हे टी. डी. एस. मीटर सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये विरघळलेले पदार्थ ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतात. मामांच्या नळाचे पाणी भरले १२०, आमच्या बोअरचे १४५०. ५०० च्या आत असेल तेथे आर. ओ.वर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र सरकारला सांगितले होते, कारण या यंत्रात पाणी फार वाया जाते.

मात्र मीटरचा आकडा कमी म्हणून पाणी निर्धोक, असे समजू नये. मीटरला क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्याने. क्षारांशी तिचा संबंध नव्हता. अशा वेळी पाणी खळखळून उकळणे हा साधा उपाय पुरतो. मामांकडे आता तेच करतात. यंत्र मामांनी आमच्या गावी धाडले. उरलेले हप्ते आमचे आण्णा फेडत आहेत.

जोडणी फार अवघड नाही, पण क्रम महत्त्वाचा. आधी गाळ अडवणारी गाळणी, मग कोळशाची. क्लोरीन पडद्याला खातो, तो कोळशात अडतो. त्यापुढे दाब देणारा पंप, मग पडदा, शेवटी साठवण्याची टाकी. वरची टाकी यंत्रापेक्षा चांगली उंच हवी, नाहीतर पंपाला पाणीच पुरत नाही. आमच्याकडे त्यासाठी चार ओळी विटा रचाव्या लागल्या. पहिल्या दोन टाक्या भरून ओतून द्यायच्या. गाळण्या काळ्या पडल्या की बदलायच्या. शुद्ध पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून साठवण्याची टाकीही अधूनमधून धुवावी लागते.

चार तांबे पाणी आत गेले की एक तांब्या पिण्याचे मिळते, तीन नळीवाटे बाहेर पडतात. आई ते तुळशीला घालू लागली होती. मी मीटर बुडवला तर १९०० ! काढलेले सारे क्षार त्याच पाण्यात जातात. आमची जमीन आधीच खारवलेली, तिला आणखी कशाला? आता ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरतो.

पहिल्या दिवशी शुद्ध पाण्याचा आकडा ९५ होता. तो मी वहीत लिहून ठेवला आहे. धाकटा भाऊ दर रविवारी मोजून फोनवर कळवतो. आकडा चढत गेला की पडदा थकला असे समजायचे. कालच्या रविवारी १३० होता. डाळ आता शिजते. आजी मात्र चहाला विहिरीचेच पाणी मागते, त्यामुळे आईच्या खेपा दोनाच्या एकीवर आल्या आहेत.