गुलाब मान का टाकतो?

फुलदाणीतल्या गुलाबाने दुसऱ्याच दिवशी मान टाकली, की दोष फुलवाल्याच्या माथी मारला जातो. पुष्कळदा मात्र त्या फुलाचे आयुष्य बाजारात येण्यापूर्वीच, शेतात कात्री चालते त्या क्षणी ठरून गेलेले असते.

पुणे जिल्ह्यात गुलाबासाठी नाव घेतले जाते ते मावळचे. 'व्हॅलेंटाइन डे'ला परदेशी जाणारा गुलाब तळेगावच्या परिसरातला. तिथली हवा तुलनेने थंड. बारामती आणि इंदापूर हे तालुके ऊस, द्राक्षे आणि डाळिंबांचे. नीरा डाव्या कालव्यावर भिजणारा हा पट्टा कमी पावसाचा असून उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. येथल्या पॉलिहाऊसमधील गुलाब पुण्याच्या गुलटेकडी बाजारात न्यायचा, तर शंभर किंवा त्याहून अधिक किलोमीटरची वाट असते. काढणीत झालेली चूक या उन्हात आणि या अंतरात झाकली जात नाही.

काढणीत आधी पाहायची ती कळी. तिच्याभोवतीची हिरवी निदले खाली वळली आणि बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैल होऊ लागल्या, की दांड्याचा गुलाब काढणीस आला असे मानतात. त्याआधी घाई केली, तर कळीखालचा देठ कोवळाच राहतो. त्याला फुलाचा भार पेलत नाही. तो वाकतो आणि कळी न उमलताच सुकते. उशीर झाला, तर फूल वाटेतच उमलते आणि ग्राहकाच्या वाट्याला त्याचे अखेरचे दिवस येतात. पिवळे वाण किंचित घट्ट कळीत, तर पांढरे थोडे अधिक उमलल्यावर काढतात. उन्हाळ्यात कळी घट्ट असतानाच हात घालावा लागतो, थंडीत थोडे थांबता येते. (हारासाठीच्या सुट्या गुलाबाला हा नियम लागू नाही, तो उमललेलाच हवा असतो.)

दिवसाच्या कोणत्या वेळी काढणी करावी, याबाबत मात्र मतभेद आहेत. पहाटे फुलाच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात आणि फूल थंड असते. उलट, दिवसभर पानांनी तयार केलेली साखर सायंकाळी दांड्यात अधिक साठलेली असते, आणि तोडलेले फूल याच शिदोरीवर जगते. केवळ या हिशेबाने सायंकाळ सरस ठरते. पण तापलेल्या फुलाचा श्वसनाचा वेग मोठा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले, की तो दुप्पट-तिप्पट होतो आणि शिदोरी झपाट्याने संपते. म्हणून ज्याच्या शेताजवळ शीतगृह आहे, त्यानेच सायंकाळच्या काढणीचा विचार करावा. इतरांसाठी पहाटच बरी. भर दुपारी कात्री लावणे कोणालाच परवडणारे नाही.

तोडल्यानंतरची काही मिनिटेही मोलाची असतात. दांडा कोरडा राहिला, तर कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते आणि पाण्याची वाट अडते. त्यासाठी स्वच्छ पाण्याची बादली काढणीच्या जागीच ठेवतात आणि फुले लवकरात लवकर दोन ते चार अंश तापमानात नेतात. पाणी अस्वच्छ असेल, तर जिवाणू वाढून हीच वाट बुजवतात.

घरी आणलेल्या गुलाबाने मान टाकलीच, तर दांड्याचे टोक पाण्याखाली धरून दोन-तीन सेंटिमीटर तिरपे कापावे आणि फूल तासभर पाण्यात आडवे ठेवावे. हवेमुळे वाट अडली असेल, तर ते बहुधा पुन्हा ताठ होते. कळीच कोवळी तोडलेली असेल, तर या उपायाचा काही उपयोग होत नाही.