पट्टी ठेवली, कुंचला घेतला

वाचकहो, आपल्यापैकी एखाद्याच्या घरी असा प्रसंग आला अशी क्षणभर कल्पना करा. मुलाने कष्टाने आर्किटेक्टची विद्या संपादन केली, मोठमोठ्या इमारती उभारल्या, नाव मिळवले. आणि पन्नाशी उलटल्यावर पट्टी नि कंपास बाजूला ठेवून तो रंगपेटी घेऊन परदेशी समुद्रकाठी जाऊन बसला. घरची वडीलधारी माणसे काय म्हणतील? चांगला चाललेला धंदा सोडला, याची बुद्धी फिरली, असेच बहुधा म्हणतील. अशाच एका मनुष्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती सर्वस्वी सुखाची नाही. परंतु ज्यांच्या घरी कोणाचा रोजगार सुटला आहे, त्यांना ती आपलीशी वाटेल असा आम्हाला भरवसा आहे.

चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांचा जन्म 1868 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी झाला. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते आणि घरात अकरा भावंडे होती. पोरवयात वास्तुशिल्प्याच्या कचेरीत उमेदवारी करायची आणि संध्याकाळी कलाशाळेच्या वर्गाला जाऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांना एक शिष्यवृत्ती मिळाली आणि 1891 साली त्यांनी इटलीचा प्रवास केला. तेथील देवळे व वाडे पाहत असता त्यांनी रेखाटने केली आणि जलरंगांतही चित्रे काढली. म्हणजे कुंचल्याशी त्यांची ओळख जुनीच होती. पोट मात्र पट्टीवर भरायचे होते.

त्या पट्टीने मोठी कामे केली. ग्लासगोच्या कलाशाळेची इमारत त्यांच्या आराखड्यावरून दोन टप्प्यांत, 1897 ते 1909 या काळात, उभी राहिली. त्याच शहरातील क्वीन्स क्रॉस येथील फ्री चर्चचे प्रार्थनामंदिर त्यांचेच. इमारतीबरोबर आतल्या खुर्च्या, दिवे आणि खिडक्यांच्या काचाही ते स्वतः योजीत. 1900 साली त्यांचा विवाह मार्गारेट मॅकडॉनल्ड या चित्रकर्त्रीशी झाला, आणि पुढील पुष्कळ कामांत त्या दोघांचा हात एकत्र चालला. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी त्यांच्या कलेचे मोठे कौतुक झाले.

परंतु मनुष्याचे दिवस सारखे राहत नाहीत. लिव्हरपूल येथील नव्या अँग्लिकन कॅथीड्रलच्या स्पर्धेत त्यांचा आराखडा निवडला गेला नाही. 1903 साली तो मान अवघ्या बावीस वर्षांच्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या तरुणाला मिळाला. आणि वाचकांना नवल वाटेल, हा तरुण कॅथोलिक होता. पुढे ग्लासगोतही मॅकिंटॉश यांच्याकडे येणारी कामे आटत गेली. मन खचले, मद्याचा नाद वाढला, आणि 1913 च्या सुमारास त्यांनी आपल्या कचेरीची भागीदारी सोडली. तेव्हा वास्तुकला त्यांनी आनंदाने टाकली असे म्हणणे खरे होणार नाही. दार आधी बाहेरून बंद झाले होते.

1914 साली हे जोडपे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वॉल्बर्स्विक नावाच्या गावी विसाव्यासाठी गेले. तेथे मॅकिंटॉश रोज रानातली आणि बागेतली फुले काढीत बसत. प्रथम पेन्सिलीची बारीक रेघ, मग तिच्यावर पातळ रंग. फुलाचा देठ कोठे फुटतो, पाकळी कशी जोडलेली असते, हे ते इमारतीचा सांधा पाहावा तसे पाहत. कित्येक चित्रांवर स्वतःच्या आद्याक्षरांबरोबर ते पत्नीचीही आद्याक्षरे घालीत. एवढ्यात महायुद्ध पेटले. हा परका मनुष्य संध्याकाळी किनाऱ्यावर फिरतो, याच्या घरी ऑस्ट्रियाची पत्रे सापडतात, तेव्हा हा शत्रूचा हेर असावा, असा संशय उत्पन्न झाला आणि त्यांना तो भाग सोडावा लागला. मग लंडनमध्ये चेल्सी भागी आठ वर्षे गेली. कापडावर छापण्याच्या नक्षीचे नमुने करून त्यांनी दिवस काढले. इमारतींची कामे फारशी आलीच नाहीत.

अखेर 1923 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मॅकिंटॉश पत्नीसह दक्षिण फ्रान्सला गेले. तेथे राहणे स्वस्त होते. पिरेनीज पर्वत जेथे समुद्राला भिडतो, त्या स्पेनच्या सरहद्दीजवळ पोर-वांद्र नावाचे एक लहान बंदर आहे. तेथील एका साध्या हॉटेलात ते पुढे राहू लागले, आणि आता त्यांनी जलरंगाखेरीज दुसरे काम हाती घेतले नाही.

जलरंगाची रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तैलरंगात चुकीवर दुसरा थर चढवून ती झाकता येते. जलरंगात तशी सोय फारशी नाही. कागदाचा पांढरेपणा हाच तेथला उजेड, आणि जेथे उजेड हवा तेथे कागद आधीपासून कोरा राखावा लागतो. म्हणजे रंगात कुंचला बुडविण्यापूर्वी सारे चित्र मनात बांधून तयार असले पाहिजे. पायाच्या आधी आराखडा करणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावे लागले नाही! 'द रॉक्स' आणि 'द लिटल बे, पोर-वांद्र' ही त्यांची 1927 सालची चित्रे आहेत. मॅकिंटॉश यांचे खडक पैलू पाडलेल्या दगडासारखे घट्ट दिसतात, आणि घरे डोंगरातूनच कोरून काढल्यासारखी भासतात. माणसे या चित्रांत क्वचितच दिसतात. ज्या हातांना बांधायला इमारत मिळाली नाही, ते हात कागदावर गाव बांधीत होते.

काम फार सावकाश चाले. त्या थोड्या वर्षांत मिळून सुमारे चाळीस चित्रे झाली. 1927 साली मार्गारेट औषधोपचारासाठी लंडनला गेल्या असता त्यांनी तिला पाठविलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्याच वर्षी त्यांना स्वतःला जिभेचा कर्करोग जडला, आणि कुंचला कायमचा खाली ठेवावा लागला. 10 डिसेंबर 1928 रोजी लंडन येथे त्यांनी देह ठेवला. पुढे 1933 साली मार्गारेटही गेल्या. तेव्हा त्यांच्या खोल्यांतील चित्रांसह साऱ्या सामानाची किंमत अधिकाऱ्यांनी केली ती सुमारे 88 पौंड!

त्याच वर्षी ग्लासगोत त्यांच्या कामाचे स्मारक प्रदर्शन भरले, आणि जग हळूहळू जागे झाले. आज ती चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. उलट, शतकभर उभी राहिलेली त्यांची कलाशाळेची इमारत 2014 आणि 2018 साली लागलेल्या आगींत भस्मसात झाली. दगड जळून गेला आणि कागद मागे राहिला.

आमच्या तरुण वाचकांनी उद्या नोकरी सोडून रंगपेटी घ्यावी, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. ज्याच्या पाठीशी कच्चीबच्ची आहेत, त्याने आधी चुलीचा विचार केला पाहिजे. परंतु धंदा बुडाला म्हणजे देवाने दिलेली देणगीही बुडाली, असे कोणी मानू नये. धन्याने चाकरांना सोपविलेल्या द्रव्याचा दृष्टान्त आपण मिस्सामध्ये ऐकतो. त्यात धन्याने हिशेब मागितला, पण कोणत्या बाजारात व्यापार करा हे सांगितले नव्हते. एक बाजार उठला, तर दुसरीकडे जाता येते. द्रव्य जमिनीत पुरून ठेवणे मात्र त्याला रुचले नाही.

आणखी एक गोष्ट. त्या पडत्या काळात मार्गारेटने पतीची साथ सोडली नाही. आपल्याही घरी कोणी वडील, भाऊ किंवा मुलगा काम सुटून ओसरीवर बसला असेल. त्याची किंमत त्या अधिकाऱ्यांप्रमाणे घाईने करू नये. त्याच्या हाताला काय काय येते, हे आज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना झाल्यावर त्याला आपुलकीने विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.