बेटावरची सुटी कुठे बिनसते?

दिवाळी आणि नाताळ जवळ येऊ लागले, की हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील उपाहारगृहांत एका विषयाला हमखास तोंड फुटते. कोण कुठे निघाले आहे? महाबळेश्वर केव्हाच मागे पडले, गोवा ‘नेहमीचाच’ झाला आणि अंदमान, मालदीव, बाली, फुकेत ही नावे आता पोळीभाजीच्या डब्यासमोर सहज घेतली जातात. परतल्यावर छायाचित्रे दाखवली जातात, ‘मस्त झाली ट्रिप’ असे सांगितले जाते आणि विषय मिटतो. निम्मे दिवस पाऊस होता, प्रवाळ राखाडी दिसले, दोन दिवस विमानतळांवर गेले, हे सहसा कुणी बोलत नाही. वर्षभराची शिल्लक आणि मिनतवारीने मिळवलेली पाच दिवसांची रजा खर्ची पडलेली असताना ‘फसलो’ असे म्हणणे जड जाते. परिणामी पुढच्या वर्षी जाणारे कुटुंब तशाच बेताने, त्याच तारखांना, तेच पॅकेज घेऊन निघते.

या निराशेची कारणे शोधू गेल्यास ती बरीचशी भूगोलात, पंचांगात आणि माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत सापडतात. मराठी कुटुंबांना सर्वाधिक जवळचे वाटणारे अंदमान हेच उदाहरण प्रथम घेऊ.

‘पाच रात्री, सहा दिवस’ असे पॅकेजवर छापलेले असते. पुण्याहून निघणाऱ्या बहुतेकांना चेन्नई, कोलकाता किंवा अन्य एखाद्या शहरात विमान बदलावे लागते. जाण्याचा आणि येण्याचा दिवस असाच संपतो. श्री विजयपुरमला (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) उतरल्यावर ज्या शुभ्र वाळूसाठी आपण आलो ती तेथे नाहीच, हे उमगते. ती स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप येथे आहे, म्हणजे २०१८ पर्यंत ज्यांना हॅवलॉक आणि नील म्हणत तेथे. तेथवर पोहोचायचे तर दोन-अडीच तासांचा बोटीचा प्रवास, त्याआधी धक्क्यावरची तपासणी, आणि समुद्र खवळलेला असेल तर बोट लागणे ओघाने आलेच. सहा दिवसांतून प्रवासाचे असे सारे तुकडे वजा केल्यास समुद्रकिनाऱ्यासाठी मोकळे असे जेमतेम दोन-अडीच दिवस उरतात.

त्यातही एक गोष्ट माहितीपत्रके सांगत नाहीत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पुणे सुमारे ७४ अंशांवर, तर श्री विजयपुरम सुमारे ९२.७ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथे सूर्य पुण्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. ऋतूप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो, इतकेच. डिसेंबरात अंदमानात साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. रात्री उशिरापर्यंत अमेरिकेतील ग्राहकांशी बोलण्याची सवय जडलेला हिंजवडीचा अभियंता सुटीत नऊला उठतो, दहाला न्याहरी करतो, अकराला किनाऱ्यावर येतो. तोवर तेथील दिवसाचा जवळजवळ निम्मा प्रकाश संपलेला असतो. दुपारच्या उन्हात वाळूवर उभे राहवत नाही आणि ऊन उतरते न उतरते तोच अंधार पडतो. ‘संध्याकाळ मिळालीच नाही’ या तक्रारीचे मूळ या साध्या गणितात आहे. पहाटे पाचला उठण्याची तयारी असेल, तर हेच बेट वेगळे वाटते.

बोटींचे वेळापत्रक हवामानावर अवलंबून असते, हेही निघण्यापूर्वी क्वचितच कुणी सांगते. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजारांहून अधिक पर्यटक अडकून पडले होते आणि त्यांना नौदल व तटरक्षक दलाच्या मदतीने बाहेर काढावे लागले. इतका बिकट प्रसंग विरळाच. पण बोट रद्द होण्यात नवल काही नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री राजधानीच्या बेटावर परतलेले असावे, हा नियम जुने पर्यटक पाळतात. पॅकेज आखणारे मात्र जास्तीत जास्त ‘बीच’ दाखवण्याच्या नादात तो मोडतात.

आता पंचांगाकडे वळू. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. नैऋत्य मोसमी वारे केरळच्याही आधी, साधारण मे महिन्याच्या उत्तरार्धात तेथे दाखल होतात. म्हणजे महाराष्ट्रातील शाळांना सुटी असते, नेमके तेव्हा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ. दिवाळीची सुटी त्यात येते. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आठ अंशांवर आहे. तेथील पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नाताळची सुटी ऐन पावसात. याच दिवसांत पश्चिमेकडील वाऱ्यांबरोबर कुटाच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे ढीग येऊन पडतात. थायलंडमध्ये तर एकाच देशाचे दोन पावसाळे आहेत: फुकेतकडील किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर आणि कोह सामुईकडे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. मालदीवमध्ये मे ते ऑक्टोबर हे नैऋत्य वाऱ्यांचे दिवस. अंदमान आणि मालदीव या दोन्ही ठिकाणी हवा सर्वांत भरवशाची असते ती जानेवारी ते मार्च. आणि तेव्हा आपल्याकडे मुलांच्या परीक्षा असतात, कार्यालयांत आर्थिक वर्ष संपत असते. पावसाळी हंगामातील स्वस्त दर हे त्या हंगामाचेच दर असतात. ते जाणून जाणाऱ्याची तक्रार नसते. ‘ऑफ सीझन डिस्काउंट’ या शब्दांवर भुलून जाणाऱ्याची असते.

पाण्याखालच्या रंगांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. प्रवाळाचा रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे येतो. समुद्राचे तापमान नेहमीपेक्षा अंशभर जरी वाढले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. उष्णता लवकर ओसरली नाही तर तो मरतो आणि मागे उरतो तो तपकिरी-राखाडी सांगाडा. अंदमानच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत असे विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथे मोठे विरंजन जाहीर केले आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही त्याचा फटका बसला. त्यात भर म्हणजे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेते. जाहिरातीतील लाल-केशरी प्रवाळ बहुधा कृत्रिम दिव्याच्या उजेडात टिपलेला असतो. काचेच्या तळाच्या बोटीतून तसे दृश्य दिसणे अवघडच. काही ठिकाणी तर पर्यटकांच्या गर्दीनेच घात केला. चित्रपटामुळे गाजलेला थायलंडचा माया बे २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये निर्बंधांसह उघडला. फिलिपाइन्सने बोराके हे अख्खे बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवले होते.

वाळूतल्या बारीक माश्या, ओहोटीला उघडे पडणारे टोकदार खडक, पोहण्यास मनाईचे फलक यांचा छायाचित्रांत मागमूस नसतो. मनाईचे फलक उगाच लावलेले नाहीत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या नामांकित राधानगर किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्यातील मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकी युवतीचा मृत्यू झाला होता.

अंदमानात मराठी पर्यटकाची सहसा निराशा होत नाही ती सेल्युलर जेलमध्ये. सात शाखांपैकी तीनच आज उभ्या आहेत. १९११ ते १९२१ या काळात सावरकर जेथे होते ती कोठडी पाहताना बाहेर ऊन आहे की पाऊस, याने फारसा फरक पडत नाही. सहलीत या वास्तूला दोन तास आणि ‘वॉटर स्पोर्ट्स’ला अख्खा दिवस देणारे नियोजन प्रस्तुत वार्ताहराला तरी उफराटे वाटते.

मालदीवची निराशा वेगळ्या जातीची, म्हणजे बिलाची. सुट्टीचा दर सांगताना सेवाशुल्क व कर वगळलेले असतात. तेथे दहा टक्के सेवाशुल्क आणि जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन कर आहे. म्हणजे शंभर डॉलरची खोली सव्वाशेच्या पुढे जाते. जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी दररोज १२ डॉलर हरित कर लागतो. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींसाठी तोच १९२ डॉलर होतो. शिवाय रिसॉर्टपर्यंत नेणारी सागरी विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी मालेत उतरणाऱ्याला ती रात्र तेथेच, स्वतःच्या खर्चाने काढावी लागते. स्वस्त म्हणून वस्तीच्या बेटावरील अतिथीगृह घेतले, तर तेथे मद्य मिळत नाही आणि पोहण्याच्या पोशाखासाठी किनाऱ्याचा राखीव भाग असतो. हे त्या समाजाचे नियम आहेत, त्यात गैर काही नाही. मात्र ते आधी कळायला हवेत. जानेवारी २०२४ मधील राजनैतिक वादानंतर अनेकांनी लक्षद्वीपकडे मोर्चा वळवला. तेथे प्रवेशासाठी परवाना लागतो, विमानतळ फक्त अगत्ती बेटावर आहे आणि निवासाच्या खोल्या मोजक्या आहेत. हौसेने उठलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा उत्साह येथेच मावळला.

सहल उत्तम होऊनही रुखरुख का राहते, याचे एक उत्तर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच संशोधनात मिळते. येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी १५३० प्रौढांची पाहणी केली. सुटीवर जाणारे लोक इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले ते जाण्यापूर्वी. परतल्यावर दोहोंत फरक उरला नव्हता. अपवाद होता तो ‘अतिशय निवांत’ सुटी घालवलेल्यांचा. लॅपटॉप बरोबर नेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. चेन्नई ते अंदमान सागरी केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून ‘तिथे नेटवर्क नाही’ ही सबबही वरिष्ठांना सांगता येत नाही.

निराशेची भरपाई मिळते का? या प्रश्नाचा प्रसिद्ध निवाडा योगायोगाने एका उष्ण कटिबंधीय बेटाशीच जोडलेला आहे. १९७१ मध्ये जॅक्सन नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने पत्नी आणि मुलांसह श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, चार आठवड्यांची सहल सुमारे १२०० पौंडांना घेतली. ठरलेले हॉटेल बांधून झाले नव्हते, पर्यायी हॉटेलच्या भिंतींना बुरशी होती आणि जेवणाला सतत खोबऱ्याची चव येत होती! (कोकणातल्या वाचकांनी हे शेवटचे कारण मनावर घेऊ नये.) १९७५ मध्ये अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी ११०० पौंडांची भरपाई कायम केली आणि ती कुटुंबाच्या मनस्तापासह धरली.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार माहितीपत्रकात आश्वासन दिलेली सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथे तक्रार करता येते. म्हणजे हिंजवडीकरांना पुण्यातच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाऊस पडला, प्रवाळ फिका होता, अशा तक्रारी तेथे टिकणे कठीण. ‘समुद्राभिमुख खोली’ म्हणून मागच्या बाजूची खोली दिली, ठरलेली बोट किंवा हॉटेल परस्पर बदलले, अशा तक्रारी टिकू शकतात. त्यासाठी पैसे भरण्यापूर्वीचे माहितीपत्रक, संकेतस्थळावरील पानाची प्रत, एजंटाशी झालेला लेखी संवाद आणि तेथील दिनांकासह छायाचित्रे जपून ठेवावी लागतात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.