नकाशाच्या दहा नकला, पण खरी कोणती?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. हा रस्ता शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहेच. त्यामुळे भिवंडी-कल्याणकडचे आपले व्यापारी बांधवही गोदाम किंवा शेड बांधण्यासाठी या दोन तालुक्यांत जागा पाहू लागले आहेत. जमिनीचा भाव, सिमेंटचा भाव, मजुरी यांची चौकशी सर्वजण करतात. नकाशाची फाइल कोठे राहते आणि कोणाकोणाकडे जाते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. पुढे मोठे नुकसान होते ते तिथेच.

आज एका शेडचे काम चार गावांत विभागलेले असते. जागा मुरबाडला, आर्किटेक्ट मुंबईला, आरसीसी कन्सल्टंट पुण्याला आणि लोखंडी सांगाडा तयार करणारा कारखाना आणखी कोठेतरी. पूर्वी नकाशाची निळी प्रत गुंडाळून माणूस एसटीने पाठवीत. आता सर्व काम संगणकावर होते. साध्या रेषांच्या नकाशाची फाइल लहान असते. पण खांब, तुळया, पाइप, वायरिंग यांसह पूर्ण इमारत उभी करून दाखवणारी फाइल सहज ५०० एमबीची होते. जीमेलने २५ एमबीच्या वर जोडपत्र जात नाही. मग कोणी तुकडे करून पाठवतो, कोणी व्हॉट्सॲपवर टाकतो, तर कोणी पेनड्राइव्ह देऊन माणूस धाडतो. प्रत्येक वेळी एक नवी नक्कल तयार होते.

समजा, ट्रक वळावा म्हणून खांबांमधील अंतर ६ मीटरऐवजी साडेसात मीटर करायचे ठरले. सांगाडेवाल्याला नवी फाइल पोहोचली, पण आरसीसी कन्सल्टंटकडे जुनीच राहिली. दोन्ही फाइलींच्या नावात ‘फायनल’ हा शब्द आहे. मुरबाडला जुन्या अंतरावर पाया भरून बोल्ट गाडले गेले. महिन्याने ट्रेलरवरून खांब उतरले, ते बसेनात. आता पाया फोडण्याचा खर्च कोणी द्यायचा? प्रत्येकजण आपापला ईमेल पुढे करतो आणि पैसे अखेर मालकाच्या खिशातून जातात.

हे फक्त लहान लोकांच्याच बाबतीत घडते असे नाही. एअरबस कंपनीच्या ए-३८० या विमानाचे आरेखन जर्मनीतील हॅम्बुर्ग आणि फ्रान्समधील तुलूझ येथील कार्यालयांत चालले होते. दोन्हीकडे एकाच संगणकप्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. जोडणीच्या वेळी विजेच्या तारा आखूड पडल्या. २००६ मध्ये कंपनीला मोठा विलंब जाहीर करावा लागला आणि अब्जावधी युरोंचा फटका बसला. पहिले विमान ग्राहकाला मिळाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

अनेकांना वाटते की इंटरनेट वेगवान झाले की प्रश्न सुटला. वेगाचा फायदा आहे, हे खरे. जुन्या टेलिफोन मोडेमच्या ५६ केबीपीएस या पूर्ण वेगाने ५०० एमबीची फाइल जायला सुमारे २० तास लागले असते. ५० एमबीपीएसच्या लाइनवर तेच काम दीड मिनिटाच्या आत होते. मात्र लाइन घेताना फाइल वर चढवण्याचा वेग विचारून घ्यावा. तो उतरवण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असू शकतो. परंतु वेग वाढला म्हणजे चुकीची नक्कलही वेगाने पोहोचते, हे विसरू नये.

खरा उपाय म्हणजे फाइल पाठवणे कमी करून ती एकाच ठिकाणी ठेवणे आणि सर्वांनी तिथे येऊन काम करणे. रेव्हिटसारख्या प्रणालीत मूळ फाइल एक असते. प्रत्येकजण आपल्या संगणकावर तिची नक्कल उघडतो आणि केलेला बदल मुळात जमा करतो. एकाने हाती घेतलेला भाग त्याच वेळी दुसऱ्याला बदलता येत नाही. मात्र ही मूळ फाइल ड्रॉपबॉक्ससारख्या साध्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नये. तिथे दोघांनी एकदम बदल केला तर दोन परस्परविरोधी प्रती तयार होतात. वेगवेगळ्या शहरांतून काम करायचे तर त्यासाठीच बनवलेली इंटरनेटवरील सेवा घ्यावी लागते. नागपूर मेट्रोने याच विचाराने त्रिमितीय नकाशा, वेळापत्रक आणि खर्च एकत्र जोडले होते.

२०१८ मध्ये आलेल्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकात फाइलींचे चार कप्पे सांगितले आहेत: काम चालू असलेली, इतरांना पाहण्यास दिलेली, मंजूर होऊन बांधकामासाठी निघालेली आणि जुनी म्हणून जपून ठेवलेली. कापडाच्या व्यापाऱ्याला यात नवे काही नाही. सही केलेल्या नमुन्याशिवाय आपण रंगाईचा लॉट सुरू करू देत नाही. नकाशालाही तोच नियम लावावा.

लहान शेडसाठी महागडी प्रणाली घेण्याची गरज नाही. मालकाने करारातच चार गोष्टी लिहून घ्याव्यात. फाइलचे खाते मालकाच्या नावावर असावे, म्हणजे आर्किटेक्टशी बिनसले तरी नकाशा हातचा जाणार नाही. फाइलच्या नावात क्रमांक आणि तारीख असावी, ‘फायनल’ हा शब्द नसावा. मंजुरी देणारी व्यक्ती एकच असावी. आणि तिच्या सहीची पीडीएफ साइटवर पोहोचल्याशिवाय ठेकेदाराने काँक्रीट ओतू नये. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडे वीज आणि नेटचा भरवसा नसतो, म्हणून साइटवर छापील प्रत ठेवावीच. नवी प्रत आली की जुनीवर लाल रेघ मारावी.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. कोणता बदल कोणी, केव्हा केला याची नोंद ठेवणे हे त्याच शिस्तीला धरून आहे.

आपल्या तरुणांसाठीही यात रोजगार आहे. सिव्हिल डिप्लोमा किंवा आयटीआयची ड्राफ्ट्समनशिप केलेल्या मुलाने फाइलींची ही शिस्त शिकून घेतली, तर शहापूरच्या घरी बसून तो मुंबईच्या किंवा दुबईच्या कार्यालयाचे काम करू शकेल. फाइल सोपवणारा अमानत सोपवत असतो. ती नीट सांभाळणाऱ्याला इन्शाअल्लाह काम कमी पडणार नाही.